गुटीसाठी शेवाळ: पोत्यातलं घ्यावं की विटेतलं?

सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे आणि बागेच्या कडेला रोपवाटिका. भगवा या डाळिंबाच्या जातीच्या गुट्या बांधायच्या (म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल गोल काढून तिथं ओलं शेवाळ बांधायचं), मुळ्या सुटल्या की उतरवून पिशवीत लावायच्या, रोपं तयार करून विकायची, हे काम मी आणि धाकटी जाऊ मिळून चौदा वर्षं करतोय. गिऱ्हाईक येतं ते मातृवृक्ष बघतं, बागेत तेल्या रोग आहे का ते विचारतं, मुळ्या फुटायला संजीवक कुठलं लावता तेही विचारतं. शेवाळ कुठलं वापरता, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. आम्हीसुद्धा दुकानदाराला कधी विचारलं नव्हतं. पोतं उचलायचं, भिजत घालायचं, बांधायला बसायचं.

गेल्या दोन हंगामांत मात्र पोत्यातलं शेवाळ, न्यूझीलंडहून येणारी दाबलेल्या शेवाळाची वीट आणि कोकोपीट, तिन्हींवर गुट्या बांधून बघितल्या. एकाच ओळीतली झाडं, एकाच आठवड्यात, बांधणारे हातही तेच. त्यातून जे कळलं ते इथं लिहिते, कारण हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे आणि बऱ्याच फांद्या वाचल्या असत्या.

आधी पोत्याचं सांगते. ज्या दुकानातून आम्ही घेत आलो त्याचं नाव लिहीत नाही. दहा किलोचं पोतं, वर ‘स्फॅग्नम मॉस’ असा ठळक शिक्का, मला पडलेला भाव किलोला दीडशे. तोंड सोडलं की आधी वास येतो, पहिल्या पावसानंतर घरामागच्या भिंतीला येतो तसा, पण त्यात थोडा राळेचा. माल हिरवट-तपकिरी, एकमेकांत गुंतलेला, जुनी गादी उसवल्यावर कापूस निघावा तसा थापा-थापांनी बाहेर येतो. गेल्या वर्षी पहिल्यांदाच मी अख्खं पोतं ताडपत्रीवर ओतलं आणि तांदूळ निवडावेत तसं निवडायला बसले. काड्या निघाल्या, झाडाच्या सालीचे तुकडे निघाले, माती, चिडाच्या लांब सुया आणि पानं. सगळा कचरा एकत्र करून तोलला तर अडीच किलो भरला. म्हणजे पंधराशे रुपयांत साडेसात किलो शेवाळ. दीडशेचा भाव प्रत्यक्षात दोनशे पडला.

त्या कचऱ्यात एक पान सारखं हाताला लागत होतं. बोटाएवढं लांब, कडेला करवतीसारखे दाते, वरची बाजू वाळून तपकिरी झालेली, पण उलटं केलं की खालून पांढरं, चुना फासल्यासारखं. असं पान मी आमच्या भागात कुठं बघितलेलं नव्हतं. जाऊबाईंनी दोन-तीन हातात घेतली, म्हणाल्या, “अक्का, हे काय आपल्याकडचं नाही बघा.” त्यातलं एक अख्खं पान मी रोपांच्या हिशोबाच्या वहीत घालून ठेवलं.

वापरायला हे शेवाळ तसं वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लवकर भिजतं, मुठीत धरलं की चांगलं आवळून येतं, फांदीभोवती गुंडाळताना सुटत नाही. बाया भराभर बांधतात. अडचण पुढं येते. गुटी बांधून झाल्यावर दीड-दोन महिने ती फांदीवरच असते आणि तेवढे दिवस आतली ओल टिकायला हवी. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आषाढात ढग येतात, वारा सुटतो, पाऊस पुढं निघून जातो. अशा वाऱ्यात प्लास्टिकला मुंग्यांनी एक भोक पाडलं किंवा वरची सुतळी जराशी ढिली राहिली, की पोत्यातलं शेवाळ चार दिवसांत कुरकुरीत होतं. आतल्या पांढऱ्या कोवळ्या मुळ्या तिथंच करपतात. गुटी उतरवताना वाटीएवढं कोरडं गवत हातात येतं आणि दोन महिने धरलेली फांदी वाया जाते.

आम्ही याला नेहमी बांधणारीचा दोष समजायचो. सुतळी ओढून बांधली नाहीस, कागद नीट फिरवला नाहीस, असं कितीदा बोलले असेन. दोष निम्म्याहून जास्त मालाचा होता.

ते कळलं लेकीमुळं. ती पंढरपूरला वनस्पतीशास्त्रात बीएससी करते. पोत्यातली एक पुरचुंडी आणि विटेतली एक पुरचुंडी तिच्याबरोबर दिली आणि सांगितलं, यात फरक काय तो बघून ये. पुढच्या शनिवारी ती आली ती मोबाइलमध्ये सूक्ष्मदर्शकाचे फोटो घेऊनच. पहिलंच वाक्य, “आई, तुझ्या पोत्यात स्फॅग्नमची एक काडीसुद्धा नाही.”

पोत्यात जे होतं त्यातलं बहुतेक थुइडियम निघालं, जंगलातल्या सावलीत वाढणारं मॉस. (शाळेच्या पुस्तकात शेवाळ म्हणजे पाण्यावरचं, आणि हे मॉस वेगळं, असं लेक दरवेळी सुधारते. आम्ही गुटीवाले मात्र यालाच शेवाळ म्हणतो आणि म्हणत राहू.) थुइडियम हे नाव थुजावरून आलं, म्हणजे आपली मोरपंखी. नर्सरीत मोरपंखीची शेकडो रोपं हाताखालून गेली माझ्या, म्हणून तिनं दहापट मोठं दाखवणारं भिंग हातात दिलं तेव्हा लगेच ओळख पटली. भिजवलेली एक काडी पांढऱ्या बशीत ठेवली होती. मधे एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी फांद्या, त्या फांद्यांना पुन्हा बारीक फांद्या, सगळं एका पातळीत पसरलेलं, बोटभर लांबीची मोरपंखीच. पानं इतकी लहान की भिंगातूनही दाण्यांसारखी दिसतात. दांड्यावर आणखी एक गोष्ट होती, हिरवी बारीक लव. लेक म्हणाली, पाणी धरायचं काम या लवेचं आणि दाटीवाटीच्या पानांचं. थुइडियम पाणी अंगावर, फटींमध्ये धरतं. ओल्या टॉवेलात असतं तसं. वारा लागला की तेच पाणी आधी उडतं.

विटेतलं मात्र खरं स्फॅग्नम, त्याचं सगळंच वेगळं. त्याच्या पानाच्या फोटोत एक जाळी दिसते. जाळीच्या बारीक दोऱ्या म्हणजे जिवंत हिरव्या पेशी, आणि मधली मोठी रिकामी घरं म्हणजे मेलेल्या पेशी. त्या घरांना भोकं असतात आणि आतून वळ्या असतात, त्यामुळं पेशी रिकामी झाली तरी चपटी होत नाही. पाणी या घरांत शिरून बसतं. वाळल्यावर घरांत हवा भरते, म्हणून वाळलेलं स्फॅग्नम पांढुरकं, गव्हाच्या काडाच्या रंगाचं दिसतं. पोत्यातला माल हिरवा-तपकिरी का, याचंही उत्तर यातच आलं.

मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर मीच तोलून बघितलं. निवडलेलं पोत्यातलं शेवाळ दहा ग्रॅम, विटेतलं दहा ग्रॅम, दोन्ही रात्रभर भिजवून चाळणीत निथळत ठेवली. सकाळी पोत्यातलं ऐंशी ग्रॅम भरलं आणि विटेतलं एकशे ऐंशी. गुटी बांधायची म्हणून दोन्ही मुठीत सारखीच पिळली, तरी विटेतलं जड लागत होतं.

वीट दीडशे ग्रॅमची आहे, मला साडेसहाशेला पडली. वर बारा लिटर फुगेल असं लिहिलेलं. कोमट पाण्यात टाकली की दहा मिनिटांत लाह्यांसारखी फुलते. धागे लांब, कचरा जवळजवळ नाही, वास नाही. हाताला मऊ लागतं, काड्या टोचत नाहीत. दोन महिन्यांनी गुटी उतरवली तेव्हा आतलं शेवाळ बांधताना होतं तेवढंच ओलसर होतं. मुळ्या पांढऱ्या, जाड, धाग्यांतून आरपार गेलेल्या. चाळीस गुट्यांतल्या अडतीस लागल्या. पोत्यातल्या शेवाळावरच्या चाळीसपैकी तेहतीस लागल्या होत्या.

पण एका विटेत पूर्ण गुट्या बत्तीसच होतात. म्हणजे एका गुटीला वीस रुपयांचं शेवाळ. रोप आम्ही तीस-पस्तीसला विकतो. घरी कुंडीतल्या लिंबाला किंवा पेरूला चार गुट्या बांधणार असाल, तर डोळे झाकून वीट घ्या. रोपवाटिकावाल्याला हा हिशोब बसत नाही.

माल येतो तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून. तिथल्या दलदलींत स्फॅग्नम क्रिस्टॅटम ही जात वाढते. होकिटिका या गावात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या पाचपट. माणसं हातानं वरचं शेवाळ उपसतात, खाली जिवंत थर ठेवतात, आणि दलदलीत गाडी जात नाही म्हणून भरलेल्या पिशव्या हेलिकॉप्टरनं उचलतात. काही वर्षांत ते पुन्हा भरून येतं, मग पुन्हा काढणी. एवढ्या लांबून दुष्काळी तालुक्यात ते गुटीसाठी आणायचं, हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण निदान ते कुठून येतं आणि परत वाढतं का, हे कळतं. पोत्याचं तेवढंही कळत नव्हतं.

ते कळायचा योग गेल्या दसऱ्याआधी आला. आत्याबाईंची बद्री-केदारची इच्छा होती, म्हणून आम्ही सात जण गेलो. केदारनाथ करून बद्रीनाथला जाताना गाडी उखीमठवरून चोपत्याच्या रस्त्यानं जाते. उखीमठ सोडलं आणि वर चढताना एका वळणावर चहाला थांबलो. डोक्यावर हिरव्या डहाळ्यांचा भारा घेतलेली एक बाई खाली उतरत होती. भाऱ्यातली पानं वाऱ्यानं उलटत होती आणि खालून पांढरी चमकत होती. मी चहा तसाच ठेवला. आमच्या ह्यांना म्हटलं, वहीतलं पान हेच. त्या बाईला विचारलं, तिनं भारा न उतरवता सांगितलं, बांज. गुरांना घालतात. तिचं आणखी एक वाक्य लक्षात राहिलं, बांजाच्या मुळाशी पाणी गार असतं आणि जिथं बांज राहतो तिथला झरा आटत नाही.

बांज म्हणजे हिमालयातला ओक. तिथल्या बांजांच्या उत्तरेकडच्या अंगाला, बुंध्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत, हिरवा थर होता. मी बोटं लावली तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. आतून गार आणि ओलं, वर ऊन पडलेलं असताना. पडून कुजणाऱ्या एका ओंडक्यावर तर साल दिसतच नव्हती. लेकीचं भिंग पिशवीत होतं. ओंडक्यावर वाकून बघितलं. मोरपंखीवर मोरपंखी, एका पानोळ्यावर दुसरा, आधीच्या वर्षाची तपकिरी आणि तिच्या पाठीवर यंदाची पोपटी. दगडांवर, सावलीतल्या मातीवर, मुळांच्या बेचक्यात, जिथं ऊन थेट येत नाही आणि धुकं रेंगाळतं तिथं तिथं तेच. वर चोपत्याकडं, अडीच हजार मीटरच्या पुढं, बांज संपतो आणि खर्सू नावाचा दुसरा ओक लागतो. तिथं तर आडव्या फांद्यांवरूनही शेवाळ लोंबत होतं, आणि त्या ओलसर थरात नेचे उगवले होते, छोटी ऑर्किडं चिकटली होती. पावसाचं पाणी आधी हा थर पितो, मग सावकाश खाली सोडतो. ती बाई झऱ्याबद्दल बोलली त्यात शेवाळाचाही वाटा आहे, असं मला त्या फांद्यांखाली उभं राहून वाटलं.

तो चोपत्याचा भाग केदारनाथ अभयारण्यात येतो, १९७२ पासून. तिथून पानसुद्धा उचलायचं नसतं, मी उचललं नाही. माझं पोतं त्याच डोंगरातून आलं असं मी म्हणत नाही. पण ज्या झाडाच्या पानासकट ते आलं ते झाड हेच, आणि सालीचे जे तुकडे मी कचरा म्हणून तोलले ते अशाच बुंध्यांवरचे. म्हणजे ते कुणीतरी खरवडून काढलेलं होतं. असं शेवाळ वर्षाला थोड्या सेंटिमीटरनी वाढतं. बुंधा एकदा सोलला की तो थर पुन्हा जमायला वर्षानुवर्षं लागतात. आणि आम्ही दर जूनमध्ये चार पोती आणायचो, त्यातल्या एकाचा उकिरडा करायचो. चौदा वर्षांचा गुणाकार मी परतीच्या गाडीत केला. आत्याबाई विचारत होत्या, एवढी गप्प का.

म्हणून पोत्यातलं शेवाळ मी बंद केलं. शिक्का एक आणि माल दुसरा, हे एक कारण झालंच. दुसरं मी वर सांगितलं.

आता कोकोपीट. हे नारळाच्या काथ्याचा भुसा, आपल्याच देशातलं, नारळाच्या धंद्यातून उरलेलं. पाच किलोचा गट्टू भिजवला की साठ-सत्तर लिटर होतो, गुटीला पन्नास पैसेही पडत नाहीत. पण नुसतं कोकोपीट बांधायला फार त्रासदायक. मुठीतून सांडतं, फांदीवर ठरत नाही. धुतलं नाही तर त्यातला खार मुळ्यांना बाधतो, तीनदा गोडं पाणी बदलावं लागतं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, म्हणून मी टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरते. नुसत्या कोकोपीटवर चाळीसातल्या एकतीस लागल्या, पोत्यापेक्षाही कमी. जिथं साल काढली तिथं भुसा नीट चिकटून बसत नाही, पोकळी राहते, हे उतरवताना दिसलं.

यातून जो मेळ बसला तो असा. पेन्सिलीएवढी फांदी, इंचभर साल गोल काढायची, नेहमीसारखंच. मुळ्या सुटतात त्या वरच्या कापाच्या काठातून. तेव्हा संजीवक लावल्यावर त्या वरच्या काठाभोवती फक्त चिमूटभर, अंगठीसारखं, विटेतलं स्फॅग्नम गुंडाळायचं. कोकोपीट आधीच छोट्या प्लास्टिक पिशवीत दाबून भरून तोंड बांधून ठेवायचं. पिशवी उभी चिरायची, चीर फांदीवर बसवायची, दोन्ही हातांनी आवळायची, वरखाली सुतळी. सांडत काही नाही. मुळी आधी स्फॅग्नममध्ये सुटते, मग कोकोपीटमध्ये पसरते. चाळीसातल्या सदतीस लागल्या. एक वीट अशा दोनशे गुट्यांना पुरते, कोकोपीट धरून गुटी पावणेचार रुपयांना पडते. पोत्यातल्या शेवाळाला निवडून झाल्यावर दोन रुपये पडायचे, पण वाळलेल्या फांद्यांचा हिशोब त्यात धरलेला नव्हता.

याची एक खोट आहे. काम हळू होतं. पूर्वी एक बाई दिवसाला अडीचशे गुट्या बांधायची, आता दोनशेच्या वर जात नाही, कारण पिशव्या आधी भरून ठेवाव्या लागतात. आम्ही त्या संध्याकाळी भरतो, घरातली पोरंही बसतात.

विकत घेणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी बघाव्यात. स्फॅग्नम म्हणून देतील तेव्हा रंग बघा, वाळलेलं स्फॅग्नम फिकं असतं आणि टोकाला फांद्यांचा गुच्छ असतो, छोट्या गोंड्यासारखा. सपाट, नेच्याच्या पानासारखी काडी दिसली तर ते जंगलातलं मॉस. मूठभर मागून घेऊन झटका, साल आणि पानं पडली तर कुठल्या तरी झाडावरून खरवडलेलं आहे. दुकानदारानं पोतं सोडून दाखवायला नकार दिला तर दुसरं दुकान बघा.

आणि हातमोजे घाला, वीट असो की पोतं. १९८८ मध्ये अमेरिकेत १५ राज्यांतल्या ८४ जणांना स्पोरोट्रायकोसिस हा बुरशीचा आजार झाला होता. झाडांची रोपं स्फॅग्नममध्ये गुंडाळून पाठवली होती, त्या शेवाळातून बुरशी आली. काडी टोचली, खरचटलं, की तिथून ती आत शिरते, गाठ येते, मग हातावरून वर एकेक गाठ चढत जाते. आमच्याकडे बाया चौदा वर्षं उघड्या हातानं शेवाळ पिळत होत्या आणि पोत्यातल्या काड्यांनी बोटं सोलवटून घेत होत्या. कुणाला काही झालं नाही. तरी आता रबरी मोजे आणलेत, जाऊबाई कुरकुरल्या, पण घालतात.

यंदा मृगाआधी सहा विटा आणि कोकोपीटचे चार गट्टू मागवले आहेत. बाराशे गुट्या होतील. दुकानदाराचा परवा फोन आला, पोती आलीत, नेहमीची चार बाजूला ठेवू का म्हणून. नको म्हटलं. का ते विचारलं त्यानं, तर वहीतलं पान त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, दोन्ही बाजूंनी.